दाराशी अडलेला पट

शाळेची कौले गळली तरी चार दिवस निभावते, फळ्याचा रंग उडाला तरी धडा थांबत नाही. परंतु शाळेचा पट हरवला तर शाळाच हरवल्यासारखी होते. म्हणूनच जुन्या मुख्याध्यापकांना पहिली चिंता पटाची असे. जनरल रजिस्टर लोखंडी कपाटात, कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांजवळ, आणि बदलीचा हुकूम आला की ती किल्ली नव्या माणसाच्या हाती सोपवून, प्रभारयादीवर दोघांच्या सह्या होऊन मगच निरोपाचा नारळ स्वीकारायचा, अशी रीत होती.

आज तो पट केवळ कपाटात राहिलेला नाही. जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाच्या निमित्ताने १९९४-९५ च्या सुमारास शाळांची माहिती संगणकावर भरण्यास आपल्या देशात प्रारंभ झाला. ज्या सात राज्यांत हा कार्यक्रम प्रथम आला त्यांत महाराष्ट्र होते, तसेच कर्नाटकही होते. त्यावेळी शाळेने छापील तक्ता भरून द्यावयाचा आणि आकडे संगणकात घालण्याचे काम वरच्या कचेरीने करावयाचे, अशी वाटणी होती. २०१२-१३ साली प्राथमिक व माध्यमिक शाळांच्या माहितीचे एकत्रीकरण होऊन ‘यूडायस’ ही पद्धती आली, २०१८-१९ पासून ‘यूडायस प्लस’ आले, आणि शाळेने आपली माहिती आपणच थेट भरावी असे ठरले. २०२२-२३ पासून तर वर्गवार बेरजा मागे पडून एकेका विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होऊ लागली. कर्नाटकात त्याच्या जोडीला राज्याची ‘सॅट्स’ ही विद्यार्थी-नोंद आहेच. दहावीच्या परीक्षेची नोंदणी असो वा शिष्यवृत्तीचा अर्ज, सॅट्सचा क्रमांक विचारला जातोच.

पट असा दूरच्या संगणकात गेला, आणि त्याच्या दाराला कुलूपही नव्या तऱ्हेचे लागले. त्या कुलपाला ‘लॉगिन’ म्हणतात. ते उघडले नाही की मुख्याध्यापक बाहेर, आणि मुलाचे नाव आत अशी अवस्था होते. ह्या कुलपाचा विचार आपल्या घरांतूनही व्हावा, म्हणून हा लेखप्रपंच.

नाक्यावरचे गाव

कॅसलरॉकच्या माणसाला दाराशी अडविले जाणे ही गोष्ट नवी नाही. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त होईपर्यंत घाटापलीकडे पोर्तुगीज राज्य होते आणि कॅसलरॉक हे सरहद्दीवरचे स्थानक होते. येथे जकातीची चौकी असे. उतारूंचे कागद पाहिले जात, बोचकी सोडून तपासली जात, आणि कागद नीट असेल त्यालाच गाडी पुढे कुळ्याकडे नेई. सरहद्द गेली, चौकीही गेली. परंतु गाव राज्याच्या कडेवरच राहिले. रेल्वेच्या नोकरीमुळे कुटुंबे आज हुबळीस, उद्या लोंढ्यास, परवा वास्कोस अशी फिरत असतात. त्यांची मुलेही शाळा बदलीत असतात.

आता समजा, वास्कोहून बदलून आलेल्या एका रेल्वे कर्मचाऱ्याची मुलगी पाचवीत दाखल झाली. प्रत्येक शाळेला यूडायसचा अकरा आकडी क्रमांक असतो. त्यातील पहिले दोन आकडे राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे, त्यापुढचे दोन गटाचे, तीन गावाचे आणि शेवटचे दोन शाळेचे. गोव्याच्या शाळेचा क्रमांक ३० ने सुरू होतो, कर्नाटकाच्या शाळेचा २९ ने आणि महाराष्ट्राच्या शाळेचा २७ ने. ही मुलगी तिसांच्या घरातून एकोणतिसांच्या घरात आली. जुन्या शाळेने ‘विद्यार्थिनी शाळा सोडून गेली’ अशी नोंद केली की तिचे नाव एका मधल्या पेटीत जाते. त्यास ‘ड्रॉप बॉक्स’ म्हणतात. नव्या शाळेने तेथून ते आपल्या पटावर उतरवून घ्यावयाचे. ह्या व्यवहाराला दोन्ही शाळांची दारे उघडावी लागतात. दोहोंपैकी एक दार अडले, की मुलगी वर्गात रोज बसते, पाढे म्हणते, दुपारी जेवते, आणि संगणकाच्या लेखी ती कोणत्याच शाळेत नसते. शाळेचे अनुदान पटावर ठरते, पाठ्यपुस्तकांची मागणी पटावर जाते, शिष्यवृत्तीची छाननी पटावर होते. तेव्हा लॉगिनची अडचण ही मुख्याध्यापकांची डोकेदुखी एवढीच नाही. तिचे मोल शेवटी मूल चुकविते.

परवलीचा शब्द

‘पासवर्ड’ ह्या शब्दाला आपल्या भाषेत ‘परवलीचा शब्द’ असा जुना, लष्करी शब्द आहे. रात्री पहाऱ्यावरच्या शिपायाने विचारावे आणि येणाऱ्याने ठरलेला शब्द उच्चारावा, ही पद्धत सर्वत्र होती. संगणकात ती आणली अमेरिकेच्या एम. आय. टी. ह्या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो ह्यांच्या मंडळींनी. १९६१ साली त्यांनी एकच संगणक अनेकांनी वाटून वापरण्याची व्यवस्था दाखविली, आणि प्रत्येकाचे कागद प्रत्येकापुरते राहावेत म्हणून त्याला स्वतंत्र परवलीचा शब्द दिला. गंमत अशी की १९६६ साली दोन धारिकांची अदलाबदल झाली, आणि जो कोणी आत येई त्याच्यापुढे स्वागताच्या मजकुराऐवजी सर्वांचे परवलीचे शब्द उमटू लागले. म्हणजे कुलूप आणि कुलपाचे दुखणे ही जुळी भावंडेच होत.

नुसता शब्द चोरता येतो, म्हणून आता त्याच्या जोडीला दुसरी खूण मागतात. नोंदविलेल्या मोबाईलवर एक आकडा येतो, तो थोड्या वेळात भरावयाचा. ह्यास ‘ओटीपी’ म्हणतात. रेल्वेच्या जुन्या मंडळींना ही कल्पना समजावून सांगावी लागणार नाही. एकेरी लोहमार्गावर गाडी सोडण्यापूर्वी स्टेशनमास्तर यंत्रातून लोखंडी गोळा काढीत आणि कातडी पिशवीत घालून वेताच्या कड्यासह चालकाच्या हाती देत. पुढच्या स्थानकाची संमती असल्यावाचून तो गोळा यंत्रातून सुटतच नसे. आणि एक गोळा बाहेर असेतो दुसरा निघत नसे. दोन ठिकाणांची संमती मिळाल्यावाचून वाट मोकळी नाही, हे ओटीपीमागचे तत्त्व त्या गोळ्यातच होते. फरक इतकाच, की स्टेशनमास्तर बदलला तरी गोळ्याचे यंत्र स्थानकातच राही. मुख्याध्यापक मात्र बदलून जाताना आपला मोबाईल खिशात घालून नेतात.

दार उघडत नाही तेव्हा

दार अडले की माणूस चिडतो आणि तोच शब्द पुन:पुन्हा ठोकतो. हे पहिले टाळावे. ठराविक वेळा चुकीचा शब्द पडला की बहुतेक पोर्टले ते खाते काही काळापुरते आपणहून बंद करतात, आणि लहान अडचण मोठी होऊन बसते. दोन प्रयत्न फसले की हात थांबवावा आणि पडद्यावर काय लिहून आले आहे ते शांतपणे वाचावे.

पडद्यावर बहुधा तीन आकडी क्रमांक दिसतो. तो चारने सुरू होत असेल तर दोष बहुशः आपल्या बाजूस असतो. ४०१ म्हणजे ओळख पटली नाही, ४०३ म्हणजे येथे येण्याचा अधिकार नाही, ४०४ म्हणजे ह्या पत्त्यावर असे पानच नाही. क्रमांक पाचने सुरू होत असेल तर दोष पलीकडच्या बाजूस समजावा. ५०३ म्हणजे सेवा सध्या उपलब्ध नाही; ५०४ म्हणजे आतल्या संगणकाने वेळेत उत्तर दिले नाही. माहिती भरण्याची मुदत संपत आली की सगळ्या शाळा एकाच वेळी दाराशी येतात आणि हे पाचाचे आकडे दिसू लागतात. त्यावेळी परवलीचा शब्द बदलीत बसणे व्यर्थ. पहाटे अथवा रात्री उशिरा प्रयत्न करावा, आणि पुढच्या वर्षी शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नये.

दोष आपल्या बाजूस आहे असे दिसले तर साध्या गोष्टी आधी तपासाव्यात. आपल्या भागात एकच संगणक कन्नड, इंग्रजी आणि मराठी अशा तीन भाषांची सेवा करतो. सकाळी कोणी कन्नड पत्र टंकलेले असते आणि कळफलक कन्नडवरच राहिलेला असतो. परवलीच्या शब्दाच्या जागी नुसते ठिपके दिसत असल्यामुळे आत भलतीच अक्षरे पडत आहेत हे कळत नाही. तीच गत मोठ्या लिपीची कळ दाबलेली राहिल्यास होते. चौकटीशेजारी डोळ्याचे चिन्ह असेल तर ते दाबून शब्द प्रत्यक्ष पाहावा. नसेल तर कोऱ्या पानावर दोन अक्षरे टंकून भाषा पडताळावी. कधी संगणकाने जुना शब्द लक्षात ठेवलेला असतो आणि आपल्या नकळत तोच भरलेला असतो. तो पुसून नवा शब्द हाताने भरावा. ज्या वाकड्यातिकड्या अक्षरांना ‘कॅप्चा’ म्हणतात, ती येणारा माणूस आहे की यंत्र हे ओळखण्यासाठी असतात. ती वाचता आली नाहीत तर अंदाज न करता शेजारचे वर्तुळाकार चिन्ह दाबून नवी मागवावीत.

आणखी एक कारण सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. संगणकाच्या पोटात नाण्याएवढी एक बॅटरी असते. यंत्र बंद असताना तिच्यावर घड्याळ चालते. जुन्या संगणकात ती संपते, आणि वीज जाऊन आली की तारीख एकदम कित्येक वर्षे मागे जाते. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाचे एक ओळखपत्र असते आणि त्यास मुदत असते. संगणकाच्या मते साल भलतेच असेल तर ते ओळखपत्र त्याला अवैध वाटते आणि ‘हे संकेतस्थळ सुरक्षित नाही’ अशी पाटी झळकते. पावसाळ्यात दिवसातून चार वेळा वीज जाणाऱ्या आमच्या मुलखात हा प्रकार विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. तारीख नीट केली की दार उघडते, आणि ती स्वस्त बॅटरी बदलली की पुन्हा त्रास होत नाही.

ओटीपीची कथा निराळी. डोंगर आणि जंगल ह्यांमध्ये वसलेल्या गावी मोबाईलची रेंज येते-जाते. आकडा दोन मिनिटांत आला नाही की आपण तो पुन्हा मागवितो, मग तिसऱ्यांदा मागवितो. रेंज आली की तिन्ही संदेश एकदम येऊन पडतात, आणि आपण भरतो पहिला. तो बहुधा तोवर रद्द झालेला असतो; चालतो तो शेवटचा. म्हणून एकदाच मागवावा, रेंज असेल तेथे जाऊन थांबावे, आणि पुन्हा मागविलाच तर आधीचे संदेश पुसून टाकावेत.

किल्ली खुर्चीची

हे सारे झाले तरी दार न उघडण्याचे एक कारण उरते, आणि ते यंत्रातले नसून माणसांच्या व्यवहारातले आहे. नोंदविलेला मोबाईल बदलून गेलेल्या मुख्याध्यापकांचा असतो. कधी तो कोणा अतिथी शिक्षकाचा असतो. त्याची नेमणूक वर्षअखेरीस संपलेली असते. कधी सेवानिवृत्तीनंतर तो क्रमांकच बंद झालेला असतो, आणि दीर्घकाळ न वापरलेला क्रमांक पुढे दुसऱ्याच ग्राहकास मिळतो. मग शाळेच्या दाराची खूण कोणा अनोळखी माणसाच्या खिशात वाजते, आणि नवे मुख्याध्यापक जुन्यांना दूरध्वनी करून ‘तेवढा आकडा सांगता का’ म्हणून विनवीत राहतात. जुने गृहस्थ सज्जन असतात म्हणून काम चालते. परंतु सज्जनपणावर चालणारे कुलूप हे कुलूप नव्हे.

घंटा एक, नकाशे सात, तराजू एक, खुर्च्या अकरा, असे सारे प्रभारयादीत मोजून दिले जाते. त्या यादीत आणखी काही ओळी पडल्या पाहिजेत: शाळा कोणकोणती पोर्टले वापरते, प्रत्येकावर शाळेचे खाते कोणत्या नावाने आहे, कोणता मोबाईल व कोणता ई-मेल पत्ता नोंदला आहे, आणि अडचण आल्यास खाते पूर्ववत करण्याचा अधिकार कोणत्या कचेरीस आहे. यूडायस प्लसच्या बाबतीत गटपातळीवरच्या माहिती-समन्वयकांकडून शाळेचा परवलीचा शब्द नव्याने करून मिळतो. परवलीचा शब्द मात्र यादीत लिहू नये. जाणाऱ्याने मोबाईल व ई-मेल नव्या माणसाच्या नावे करून द्यावा, येणाऱ्याने त्याच दिवशी आपला नवा शब्द ठरवावा, आणि मगच दोघांनी सही करावी. शक्य असेल तेथे ई-मेल पत्ता शाळेच्या नावाचा असावा, व्यक्तीच्या नावाचा नसावा. किल्ली खुर्चीची असते; खुर्चीवर बसणाऱ्याने ती काही काळ सांभाळावयाची, इतकेच.

असे न केल्यास काय होते ते रायगडच्या हिरकणीच्या आख्यायिकेत आपण लहानपणीच ऐकले आहे. सूर्यास्तास गडाचे दरवाजे बंद झाले, नियम मोडावयास पहारेकरी तयार नव्हते, आणि तान्हे मूल तर घरी होते. मग ती माउली अंधारात कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा गौरव केला, आणि ती जेथून उतरली तेथे बुरूजही बांधिला. मला ह्या कथेचा दुसरा भाग पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. दरवाजा गरजवंताला अडवू लागला की गरजवंत कडा शोधतो. शाळांतून असे कडे पुष्कळ सापडतील: भिंतीवर चिकटविलेला परवलीचा शब्द, चार शिक्षकांत फिरणारे एकच खाते, गावातल्या संगणककेंद्राच्या मुलाच्या वहीत लिहून ठेवलेली साऱ्या शाळांची कुलपे. ही माणसे वाईट नसतात. त्यांची मुले घरी अडलेली असतात. परंतु त्या नोंदीत मुलांची नावे, पत्ते, पालकांचे क्रमांक, जात व आधारचा तपशील असतो. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, आणि त्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीची विशेष काळजी घ्यावयास सांगितले. तेव्हा कड्यावर बुरूज बांधलाच पाहिजे. मात्र त्याआधी दरवाजा वेळेवर उघडेल अशी सोय हवी.

परवलीचा शब्द कसा असावा, ह्याबाबतचे शास्त्रही आता बदलले आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २००३ साली असे सुचविले होते की शब्दात आकडे व चिन्हे मिसळावीत आणि तो वरचेवर बदलावा. त्यामुळे लोक जुन्याच शब्दापुढे एक, दोन, तीन असे आकडे लावीत गेले. २०१७ साली त्याच संस्थेने मत बदलले: शब्द लांब असावा, आणि तो फुटल्याची शंका असल्यावाचून उगाच बदलावयास लावू नये. चार असंबद्ध मराठी शब्द रोमन अक्षरांत सलग लिहिले तर लक्षात राहण्यास सोपा आणि ओळखण्यास कठीण असा शब्द तयार होतो. जेथे आकडा वा चिन्ह सक्तीचे असेल तेथे ते त्यातच एखादे घालावे. शाळेचे किंवा मुलाचे नाव मात्र त्यात नसावे.

घरातले दार

हे सारे शाळेपुरते आहे असे वाचकांनी समजू नये. निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला, आगगाडीचे तिकीट, विजेचे देयक, मुलाची शिष्यवृत्ती, अशी प्रत्येक घरात आता चार-पाच दारे आहेत, आणि पुष्कळ घरांत त्या सर्वांच्या किल्ल्या परगावी नोकरीस असलेल्या एका मुलाच्या मोबाईलवर आहेत. आजोबांच्या खात्याचा आकडा पुण्यास वाजतो आणि आजोबा कॅसलरॉकला खोळंबतात. कोणत्या कामासाठी कोणता क्रमांक दिला आहे, ह्याची एक नोंद घरच्या कागदपत्रांच्या पेटीत असावी, आणि क्रमांक बदलण्यापूर्वी ती उघडून पाहावी.

पालकांकडून दुसरी अपेक्षा नावाची आहे. दार उघडून आत गेल्यावर पोर्टल मुलाचे नाव आधारवरच्या नावाशी ताडून पाहते. आपण मराठी माणसे परराज्यात राहतो. आपले नाव एका कचेरीत कन्नडात, दुसरीत इंग्रजीत लिहिले जाते. कोठे नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशी आपली रीत. कोठे नुसती आद्याक्षरे. एका ‘व’साठी इंग्रजीत दोन अक्षरे, ‘ळ’साठी एकही धड नाही. एका अक्षराचा फरक पडला तरी यंत्र म्हणते, हे मूल ते नव्हे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशासह अनेक कामांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा ठरला आहे. म्हणून बारशाच्या वेळी नाव ठरवितानाच ते इंग्रजीत व कन्नडात कसे लिहावयाचे तेही ठरवावे, आणि जन्मदाखला, आधार व शाळा ह्या तिन्ही ठिकाणी अक्षरशः एकच द्यावे.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. ‘तुमचे लॉगिन बंद पडणार आहे, आकडा सांगा’ असा दूरध्वनी आला तर तो ठक समजावा. खरी कचेरी ओटीपी तोंडी विचारीत नाही. पत्त्याच्या शेवटी सरकारी खूण आहे की नाही हे नीट पाहून मगच शब्द भरावा. फसवणूक होऊन पैसे गेलेच तर विलंब न लावता १९३० ह्या क्रमांकावर कळवावे.

यंत्राला राग नसतो आणि लोभही नसतो. ते सांगितलेली खूण पाहते आणि दार उघडते अथवा उघडत नाही. खूण कोणाकडे असावी, ती हातोहात कशी जावी, हे ठरविणे माणसांचे काम आहे. येत्या जूनमध्ये बदल्या होतील, नवी मुले दाखल होतील, आणि शाळाशाळांतून प्रभारयाद्या लिहिल्या जातील. घंटा आणि नकाशे ह्यांच्याखाली त्या चार ओळी लिहिल्या गेल्या, तर परगावाहून आलेल्या त्या पाचवीतल्या मुलीचे नाव पहिल्याच आठवड्यात पटावर येईल.